खोट्या सहीची शिक्षा

"मामा?" मी विचारलं. "सख्खे?"

पालकसभा उरकत आली होती आणि नववी 'ब'च्या दारात हा माणूस उभा. हातात माझ्या वर्गातल्या सगळ्यात बोलघेवड्या मुलीची डायरी. सहा वर्षांच्या नोकरीत मी चार खोटे काका, एक उसनी आत्या आणि वर्गातल्याच मुलाचा मित्र निघालेला एक 'मोठा भाऊ' पकडला होता. मामा तेवढा बाकी होता.

"सख्खाच. ताई-भावोजी बदलीच्या गावी असतात, भाची आमच्याकडे, म्हणजे आई नि मी. चौकात चष्म्यांचं दुकान आहे माझं."

"सही करा."

त्याने केली. मी डायरीतल्या आधीच्या अकरा सह्यांशी ताडून पाहिली. त्या सगळ्या झोकदार, शेवटी गिरकी घेतलेल्या. ही मुंगीसारखी बारीक.

"खोटी आहे."

"अहो मॅडम, हीच खरी! त्या अकरा... मी आजच बघतोय."

बाकावरच्या भाचीने घाईघाईने बुटाची नाडी बांधायला घेतली. नाडी बांधलेलीच होती. माझे कान तापले. अकरा वेळा मी त्या पोरीच्या अक्षराखाली 'पाहिले' लिहिलं होतं!

"यापुढे दर शनिवारी, माझ्यासमोर सही," मी म्हटलं. असा नियम मी पहिल्यांदाच काढला.

तो येऊ लागला. एका सहीला वीस मिनिटं लागतात, हे मी टिपलं. भाची तापाने घरी होती त्या शनिवारीही तो आला, हेही टिपलं. "मामा शनिवारीच इस्त्रीचा शर्ट घालतो," ही खबर भाचीने आपणहून दिली.

"डोळे बारीक करून बघता तुम्ही," तो एकदा म्हणाला. "नंबर वाढलाय."

"संशय आला की मी अशीच बघते."

"मग संशयाचा नंबर वाढलाय. ती काच नाही आमच्याकडे."

मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता... पण हसू कुठेतरी लपवायला हवं होतं.

मग निकाल लागला. भाची दहावीसाठी आईवडिलांकडे निघाली होती. म्हणजे शनिवार संपले. त्याने प्रगतिपुस्तकावर सही केली आणि ते पुढे सरकवलं.

झोकदार. शेवटी गिरकी.

"ही खोटी आहे," मी म्हटलं.

"हो." तो टेबलाकडे बघत होता. "म्हटलं, खोटी असली की... तुम्ही परत बोलावता."

मी पेनाला टोपण लावायला गेले. ते दोनदा हुकलं.

"खोटी सही केली की पालकांना बोलवावं लागतं."

"माझ्या?"

"आईंना घेऊन या. रविवारी. शाळेत नाही, आमच्या घरी. बाबा असतील. ते माझ्याहून संशयी आहेत."

त्याने डायरी पुढे केली. मी पत्ता लिहिला.

"खाली सही करा, मॅडम. आईला खरं वाटायला हवं."

मी केली. शेवटी नकळत अशी गिरकी घेतली गेली, की ती सही मलाच खोटी वाटली.