थोरली, धाकटी आणि आईची गाणी

"टीचर, आईची गाणी गेली. दोन्हीकडून गेली."

मंगळवारी सकाळी क्षितिजा चुरीचा फोन आला, तेव्हा डेल्फिन तुस्कानो नंदाखालच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासचं शटर वर करत होती. तिने ते अर्ध्यावरच सोडलं.

"दोन्हीकडून म्हणजे?"

"काल वीज गेली आणि परत आली ती धाडकन. कॉम्प्युटर जळला. दादानं ऑफिसचा लॅपटॉप आणून दोन्ही ड्राइव्ह तपासल्या. फोटो आहेत, वडिलांची पत्रं आहेत. आईच्या गाण्यांचा फोल्डर नाही. कशातच नाही. आणि शनिवारी माझी हळद आहे."

डेल्फिनने शटर पुन्हा खाली ओढलं. चुरींचा कॉम्प्युटर तिनेच जोडून दिला होता. गेल्या वर्षी, २००५च्या जुलैत, पाणी घरात शिरलं, त्यानंतर दोन ड्राइव्ह ठेवा हेही तिनेच सांगितलं होतं. एक घरात, एक बाहेर, दर रविवारी अदलाबदल. एक बुडाली तर दुसरी तारेल, असं वर छातीठोकपणे बोलली होती. आता दोघी बुडाल्या होत्या. माणसानं सल्ला फुकट द्यावा, पण जपून द्यावा.

स्कूटी काढून ती आगाशीला निघाली.

क्षितिजाची आई, आनंदीबाई, जानेवारीत गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने कॉम्प्युटरसमोर बसून लग्नातली जुनी गाणी गायली होती. तासाभराचं रेकॉर्डिंग. त्यानंतर ते ऐकायचं धाडस घरात कुणालाच झालं नाही. पण आई गेली तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून नाशिकला नोकरी करणाऱ्या क्षितिजाचं लग्न घाईनं ठरलं. हळदीला आईचा आवाज हवा, एवढा एकच हट्ट तिने धरला होता.

घराच्या ओटीवर दोन्ही ड्राइव्ह टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. एक विटेएवढी, तिला स्वतःचा वेगळा प्लग लागायचा. दुसरी तळहातावर मावणारी. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत.

डेल्फिनने आधी क्षितिजाच्या भावाला, अनिशला गाठलं. तो अंधेरीला कामाला होता, आज रजा घेऊन घरी थांबला होता.

"गाणी लावायची नाहीत, असं तू म्हणाला होतास म्हणे?"

अनिश चिडला. "म्हणालो होतो. हळदीत सगळ्या बायका रडत बसतील. पण म्हणून मी आईचा आवाज पुसेन?"

"हे कधी बोललास?"

"सोळा तारखेला, गुरुवारी. तिने नाशिकहून आधी घरी फोन केला, मग मला. मी पुण्यात होतो. कंपनीचं ट्रेनिंग होतं, तेरापासून वीसपर्यंत."

"रविवारच्या बॅकअपमध्ये काही पुसलं जातं का रे?"

"पुसलं कशाला जाईल? बॅकअप म्हणजे ठेवणं. लोणच्याच्या बरणीतलं कोणी काढून टाकतं का?"

डेल्फिनने विषय तिथेच सोडला. तिचे कान मात्र तापले.

मग शेजारच्या सालोमीबाई. मूळच्या अर्नाळ्याच्या, कोळणीचा आवाज अजून शाबूत. घराबाहेरची ड्राइव्ह त्यांच्या कपाटात असायची.

"कपाटाची चावी कोनाकडे असते, ते इचारनार ना? माझ्या गळ्यात." त्यांनी क्रुसासोबत ओवलेली चावी दाखवली. "रविवारी चर्चात मिस्सा आटोपली का मी इकडं येते. पोरांचे बापू एक डबी देतात, मी एक देते. मधी कोनी मागत नाय, मी कोनाला देत नाय."

"कधी कॉम्प्युटरला लावून पाहिलीत?"

"माझ्याकडं मिक्सर हाय फक्त."

शेवटी वडील. शरदचंद्र चुरी बागायतदारांच्या सोसायटीत पस्तीस वर्षं काट्यावर होते. केळीचे लोंगर म्हणजे घड, फुलांच्या पाट्या, सगळ्यांची वजनं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी मारलेला आकडा कुणी पुन्हा तपासत नसे. सगळं गाव त्यांना बापू म्हणे.

"रविवारचं काम तुम्हीच करता ना?"

"मीच. अनिश सुट्टीला उशिरा उठतो."

"पुसलं जातं का त्यात काही?"

"काट्यासारखं आहे ते. दोन्ही पारडी समान व्हायला हवीत." बापूंनी चष्मा पुसला. "चहा घेणार?"

"कुठे लिहून ठेवता का?"

त्यांनी वही आणून दिली. क्षणभर हातात धरून ठेवली, मग दिली. दर रविवारी कोणती ड्राइव्ह लावली आणि काम झाल्यावर तिच्यात किती जीबी भरलं, ते सुवाच्य अक्षरात होतं. कुणी सांगितलेलं नसताना. जुनी खोड. नोव्हेंबरच्या पानावर चार ओळी होत्या:

५ तारीख, धाकटी, ११.३८
१२ तारीख, थोरली, ११.४२
१९ तारीख, धाकटी, १०.८१
२६ तारीख, थोरली, १०.८४

डेल्फिनने पान दोनदा वाचलं. मग वही मिटून परत केली आणि दोन्ही ड्राइव्ह पिशवीत घातल्या.

"दोन दिवस द्या. आणि आता यांना कुणी कशालाही लावू नका."

बुधवार, गुरुवार क्लासला सुट्टी. लोडशेडिंगमुळे अकरा ते तीन वीज नसायची, तेवढं सोडून थोरलीची छाननी चालू राहिली. गुरुवारी दुपारी फोल्डर सापडला. डेल्फिनने खात्रीपुरती सुरुवात ऐकली. आनंदीबाई खाकरल्या, हसल्या, पहिली ओळ म्हणाल्या. पुढे ऐकणं तिला बरं वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं असतं. पुढचं न ऐकणं चुकलंच, असं तिला नंतर कितीदा तरी वाटणार होतं.

संध्याकाळी पाचला ती चुरींच्या ओटीवर होती. अनिश लवकर आला होता. सालोमीबाई दारात उभ्या होत्या.

"आधी माझी चूक सांगते," डेल्फिन म्हणाली. "बॅकअपचा प्रोग्राम मीच टाकून दिला. त्यात एक खूण असते. ती केली की ड्राइव्ह कॉम्प्युटरची बरोबरी करते. कॉम्प्युटरवर नवं आलं तर घेते, आणि कॉम्प्युटरवरून गेलेलं असेल तर स्वतःतूनही काढून टाकते. जागा पुरावी म्हणून मी ती खूण केली. तुम्हाला सांगायची राहिली. अनिशला वाटत होतं बरणी आहे. बरणी नव्हतीच."

"म्हणजे सालोमीबाईंच्या कपाटाला कुणी हात लावला नाही?" क्षितिजाने विचारलं.

"गरजच नव्हती. ज्याला गाणी नको होती, त्याने ती फक्त कॉम्प्युटरवरून पुसली आणि दोन रविवार वाट पाहिली. पहिल्या रविवारी धाकटीतून गेली, दुसऱ्या रविवारी थोरलीतून. सोमवारी कॉम्प्युटर जळला तो मात्र निव्वळ विजेचा खेळ. तो जळला नसता, तरी गाणी नव्हतीच."

"कधी पुसली?"

"बारा तारखेला ड्राइव्हचं वजन ११.४२. एकोणीसला १०.८१. तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण या फरकाएवढंच भरतं. म्हणजे मधल्या आठवड्यात. सोळाला तू फोन करून सांगितलंस की गाणी हळदीला लावायची. तू नाशिकला होतीस, अनिश पुण्याला. सालोमीबाईंना कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. आणि दोन्ही पारडी समान होतात, हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं."

कुणी मान वळवली नाही. बापूंनीच बोलायला सुरुवात केली.

"उन्हाळ्यात काही फोटो पुसले होते. ते ड्राइव्हमधूनही गेले, तेव्हा कळलं."

"वहीत जुनाच आकडा लिहिला असतात, तर मला काहीच सापडलं नसतं, बापू."

"खोटं वजन लिहायला हात उठला नाही." ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "बाकी खोटं बोललो. वर्षभर बोललो."

"का पुसलंत, ते मला नाही कळलं," डेल्फिन म्हणाली.

बापूंनी चष्मा उतरवला. "गाताना ती मध्येच म्हणाली, थांबूया का, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, एवढं एक गाणं होऊ दे. तिने गायलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टरला सांगितलं, तुम्हाला सांगितलं, की तिने कधी तक्रारच केली नाही. ते सगळं त्यात आहे. चाळीस बायकांसमोर वाजलं असतं."

अनिश उठून ओटीच्या कडेला गेला. सालोमीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मलाबी बोलली होती ती, हात भरून आलाय म्हनून. मी म्हटलं वारा धरला आसंल, आल्याचा चा पी."

क्षितिजा मात्र डेल्फिनकडे बघत होती. "टीचर, ती खरंच गेली का गाणी?"

डेल्फिनने पर्समधून सीडी काढली. "पुसलं म्हणजे लगेच नष्ट होत नाही. गोदामाच्या दारावरची पाटी काढली होती, माल आत होता. सगळी मिळाली."

"लावा."

"नको," बापू म्हणाले. "मी कबूल केलं ना? आता आणखी काय ऐकायचंय?"

"लावा, टीचर."

कबुली दिलेला माणूस अजून का अडवतोय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. तपास संपला, या समाधानात डेल्फिनला तो पडला नाही. तिने सीडी अनिशच्या लॅपटॉपमध्ये घातली आणि रेकॉर्डिंग पुढे सरकवलं.

"जरा थांबूया का?" आनंदीबाईंचा आवाज आला. "छातीत जड वाटतंय. हात पण भरून आलाय."

"एवढं एक होऊ दे. हळदीचं राहिलंय. क्षितिजानं तेच मागितलंय ना? संध्याकाळी फोनवर पहिलं तेच विचारील."

"हो की," आनंदीबाई म्हणाल्या. "तिला नाही कसं म्हणू." आणि त्यांनी गाणं उचललं.

क्षितिजा खुर्चीत बसली. त्या संध्याकाळी तिने फोन केला होता. पहिलं तेच विचारलं होतं, आणि गाणं झालं म्हटल्यावर खूश होऊन फोन ठेवला होता. आई कशी आहे, हे विचारायचं राहिलं होतं.

"माझं मी सोसलं असतं," बापू हळूच म्हणाले. "तुझ्या कानावर हे जायला नको होतं."

डेल्फिनला तोंड लपवावंसं वाटलं. एका बापानं पोरीसाठी दोन रविवार वाट बघून जे पुरलं, ते तिने दोन दिवस खपून उकरून काढलं होतं. आपली बेअब्रू टळावी म्हणून. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तेवढा भाग कापता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार नाही."

क्षितिजाने गाणं संपू दिलं.

"कापू नका," ती म्हणाली. "मागितलं मी होतं."

शनिवारी मांडवात रेकॉर्डिंग लागलं. बापू मागच्या रांगेत बसायला निघाले होते. क्षितिजाने त्यांना हाताला धरून आपल्या पाटाशेजारी बसवलं. आनंदीबाई थांबल्या, बापूंचा आवाज आला, क्षितिजाचं नाव आलं, आणि बायकांची कुजबूज एकदम थांबली. तिने हळदीने माखलेला हात वडिलांच्या हातावर ठेवला आणि तो तिथेच ठेवून, मान खाली घालून, आईचं ते शेवटचं गाणं पूर्ण ऐकलं.