फॉगर आणि रेनकोट

सत्यमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो नखशिखांत भिजला होता आणि बाहेर कडकडीत ऊन पडलं होतं.

परंदवडीतल्या आमच्या पॉलीहाऊसमध्ये तो बहिणीच्या साखरपुड्यासाठी गुलाब न्यायला आला आणि नेमका फॉगर सुटला. गुलाबांवर पाण्याचे तुषार सोडणारा हा फॉगर मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. आदल्या दिवशी मी हौसेने एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आयता कोड, अपडेट केली होती. तेव्हापासून तिचं बाकीच्या कोडशी पटेना.

"पाहुण्यांचं स्वागत असंच करता?" चष्मा पुसत त्याने विचारलं.

"फक्त खास पाहुण्यांचं… सॉफ्टवेअर बिघडलंय हो."

"दाखवा. माझं कामच ते आहे."

तो लॅपटॉपपुढे बसला. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि मी टॉवेल द्यायचा सोडून त्याच्याकडेच बघत राहिले.

"ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या कोडला या लायब्ररीचं जुनं व्हर्जन लागतं. तुम्ही नवं घातलंत."

"म्हंजी नव्या ट्रॅक्टरचा पार्ट जुन्याला लावला हिनं," माझे आबा दारातून म्हणाले. "बसंल कसा?"

सत्यमने जुनं व्हर्जन परत घातलं आणि ते लॉकही केलं. "आता आपोआप काही बदलणार नाही."

फॉगर शहाण्यासारखा थांबला. सत्यम गुलाब घेऊन गेला. आता त्याला परत यायला कारणच उरलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्या रविवारी मी फोन केला. "पुन्हा बिघडलं…"

तो लगेच हजर झाला, भर उन्हात रेनकोट घालून. आबा बघतच राहिले.

स्क्रीनवर नजर टाकून तो हळूच म्हणाला, "राजेश्वरी, लॉक मी लावलं होतं. हाताने काढल्याशिवाय ते निघत नाही."

माझे कान तापले.

"मीच काढलं," मी म्हटलं. "तुम्ही यावं म्हणून."

त्याने रेनकोट काढून खुर्चीवर ठेवला.

"मीही तुमच्या प्रोग्राममधली एक लायब्ररी मुद्दाम जुनीच ठेवलीये," तो म्हणाला. "महिनाभरात तिची मुदत संपून तीही रुसली असती… मी तुमच्या फोनची वाटच बघत होतो."

"तुमचं चालू द्या," आबा म्हणाले. "फॉगर बंद हाय, माझी फुलं करपाय लागलीत."

त्यांनी हातानेच फॉगरचा व्हॉल्व्ह उघडला. तुषार आमच्यावर उतरले. रेनकोट हाताशीच होता, पण सत्यमने तो घातला नाही.