मुक्या खाडीतला नांगर

माझ्या बहिणीचा नवरा थ्रासोस याने आठ दिवसांसाठी शिडाची बोट भाड्याने घेतली आणि तिच्यासोबत कप्तानाची टोपीही विकत आणली. पांढरी, पुढे सोनेरी जर. अथेन्समध्ये तो स्वयंपाकघराच्या फरश्या विकतो. परवाना त्याने तीन शनिवारांत मिळवला होता, आणि लेफ्कादा बेटाच्या धक्क्यावरून निघताना पहिल्याच वळणाला शेजारच्या बोटीचा कठडा खरवडला. "वाऱ्याची चूक," म्हणाला. थ्रासोसच्या आयुष्यातल्या चुका वाऱ्याच्या असत, नाहीतर बायकोच्या.

मी एव्हान्थिया, पात्रासच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. लोकांचे श्वास मोजणं हे माझं काम. लुकिया माझी धाकटी बहीण, म्हणून मी आले. तिची बारा वर्षांची मुलगी मिर्तो धरून बोटीवर आम्ही चौघं.

"अगं, असं नाही! तुला दोर कळतो की नुसत्या केसांच्या रिबिनी?" असं तो लुकियाला दिवसभर ऐकवायचा. लुकिया हसायची. सोळा वर्षं तेच हसू. मला त्याचा राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस जरा तरी वजनाचा लागतो.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही मुक्या खाडीत शिरलो. तिन्ही बाजूंना पाइनची झाडं, तळाची पांढरी वाळू वरून दिसतेय, आणि आत एकही बोट नाही. भर ऑगस्टात रिकामी खाडी! कुणीही शहाणा तिथूनच वळला असता. थ्रासोसला वाटलं, आपण शोध लावला.

तो नांगर सोडत होता तेव्हा एक म्हातारी कोळीण खाडीच्या तोंडाशी आपल्या होडीतून जाळं गोळा करत होती. तिथूनच ओरडली, "इथं नको रे बाबा! टाकलाच असशील तर त्याच्यामागे खाली उतरू नकोस. साखळी सोडून दे अन् नीघ."

"का गं आजी? बुडलेले नांगर तुझा म्हातारा काढून विकतो वाटतं?" थ्रासोस आपल्याच विनोदावर हसला.

म्हातारीने मिर्तोकडे बघून छातीवर क्रूस काढला आणि इंजिन सुरू केलं.

आम्ही पोहलो. टोमॅटो, चीज, भाजलेले तारली मासे खाल्ले. जेवताना माझ्या लक्षात आलं की झाडांवरचा, दिवसा किरकिरणारा एकही किडा ओरडत नाहीये. ऑगस्टच्या दुपारी तिकडे त्यांच्या किरकिरीने बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मग दुसरं लक्षात आलं. वारा पश्चिमेचा होता. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, हे मिर्तोलाही ठाऊक. आमची बोट वाऱ्याकडे पाठ करून उभी होती, आणि साखळी ताठ.

"पाण्याला ओढ आहे," थ्रासोस म्हणाला.

मी टोमॅटोचं देठ पाण्यात टाकलं. ते जागचं हललं नाही.

दोनला निघायचं ठरलं. साखळी ओढायचं यंत्र कण्हलं आणि बंद पडलं.

"सोडून दे साखळी," मी म्हणाले.

"सोडू? आणि धक्क्यावर लोकांनी हसायचं?" त्याने पोहायचा चष्मा चढवला, टोपी लुकियाच्या हातात दिली. "भिजवू नकोस. तेवढं तरी जमेल ना?"

खोली सात मीटर. साखळी धरून उतरताना तो स्वच्छ दिसत होता. मग साखळी एकदम सैल पडली, बोट वाऱ्याकडे वळली, आणि तो दिसेनासा झाला.

एक मिनिट. दोन.

"एव्हा, किती झाली?" लुकियाने विचारलं.

तिसऱ्या मिनिटाला मी मिर्तोचा चष्मा लावून उडी मारली. नांगर वाळूवर मोकळा पडला होता. आजूबाजूला ना खडक, ना गवत, ना माणूस. मी तीनदा खाली गेले. वर येऊन लुकियाला ओरडले, "रेडिओवर मदत माग!" ती टोपी धरून तशीच उभी होती.

अकराव्या मिनिटाला थ्रासोस शिडी चढून वर आला.

त्याला धाप नव्हती.

"मोकळा झाला," तो हळू आवाजात म्हणाला. "मिर्तो, घाबरलीस का गं? लुकिया, तू बस. मी करतो सगळं."

मी त्याचं मनगट धरलं. नाडी चाळीस, अगदी एकसारखी. कातडी तळाच्या पाण्याइतकी गार.

"अकरा मिनिटं होतास तू खाली."

"असेन. तुझं मोजणं चुकायचं नाही, एव्हान्थिया."

त्याने नांगर वर घेतला. दोराची वेटोळी अशी घातली की जन्मभर तेच केलं असावं. टोपी मागितली नाही.

तेवढ्यात बोटीच्या खालून कुणीतरी ठोठावलं.

दोनदा. थांबून, तीनदा भरभर.

"मावशी," मिर्तो म्हणाली, "बाबा न्हाणीघराच्या दारावर असंच—"

सुकाणूवरच्या माणसाने मान तिरपी करून ऐकलं. मग लुकियाकडे पाहिलं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

पुन्हा ठोठावलं. आता घाईने, मुठीने.

लुकियाने टोपी बाकावर ठेवली. इंजिनचा दांडा पुढे ढकलला. शेवटपर्यंत.

मला पुन्हा उडी मारता आली असती. मी मारली नाही. ज्या माणसाला मी सोळा वर्षं कवडीमोल ठरवलं, तो निदान आपल्या मूर्खपणापायी का होईना, खाली उतरला होता. मी कोरड्या बाकावर बसून राहिले.

यंदा नाताळाला मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. मिर्तो वडिलांच्या गोष्टीवर पोट धरून हसत होती. लुकियाची तब्येत सुधारलीये, गाणं पुन्हा शिकतेय. थ्रासोसने वाइन आधी मला ओतली. तो बसायच्या आत लुकियाने त्याच्या खुर्चीवर चौघडी करून टॉवेल ठेवला, काटे-चमचे मांडावेत तितक्या सहज.

तो मांस आणायला उठला तेव्हा तिने टॉवेल उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन पिळला. पाणी बराच वेळ पडत होतं. मग ती कोरडा घेऊन आली.