वेळूवरच्या खाचा

मे महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा असिमिनाच्या वहीत चिखल्या पाखरांची सतरा घरटी होती. हवी होती वीस. संध्याकाळपर्यंत वीस भरली तर मेसोलाँगीच्या खाजणाचा हा पट्टा उन्हाळाभर बंद राहणार होता. नाहीतर उद्यापासून मोटारबोटी सुटणार, आणि मुठीएवढ्या पाखरांची अंडी त्यांच्या लाटांखाली जाणार.

वल्हं मारणारा झिसिस मात्र खुशीत होता. आधी ही घरटी मोजणाऱ्या लाम्ब्रोस म्हाताऱ्याला जाऊन तीन महिने झाले म्हणून सकाळी चर्चमध्ये त्याचं स्मरण झालं होतं. तिथल्या उकडलेल्या गव्हाच्या, साखर-डाळिंब घातलेल्या पुड्या झिसिसनं खिशात कोंबून आणल्या होत्या.

"म्हाताऱ्यानं जन्मात कुणाला कॉफी पाजली नाही," तो बोकाणा भरत म्हणाला, "आणि आता बघ, अख्ख्या गावाला खाऊ घालतोय. घे."

दालचिनीच्या वासानं असिमिनाला मळमळलं. तिनं तोंड वाऱ्याकडे फिरवलं. काल डॉक्टरीणबाईंनी बातमी दिली होती. बारा डिसेंबरच्या आसपास, म्हणाल्या होत्या. तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

घरट्यांच्या खुणा करायची रीत लाम्ब्रोसचीच. घरट्याशेजारी काठी रोवली की कावळे हुशार होतात, म्हणून तो घरट्यापासून उत्तरेला दहा पावलांवर वेळूची काठी रोवायचा. जितकी अंडी तितक्या खाचा. तारखांशी त्याचं कधी जमलं नाही; पिल्लं ज्या संताच्या सणाला निघतील त्या संताचं नाव तो खाली कोरायचा. डावखुरा असल्यानं त्याच्या खाचा उलट्या कलायच्या.

शिंपल्यांच्या बांधावर तशी एक काठी उभी होती. काल दोघांनी हा बांध पायाखाली घातला होता, तेव्हा ती नव्हती. हिरवागार वेळू. तीन खाचा, उलट्या कललेल्या. खाली नाव, योहान.

"झिसिसकाका, आज तरी थट्टा नको."

"मी? मला वाटलं तूच केलीस."

दोघं एकमेकांकडे बघत दक्षिणेला दहा पावलं चालली. शिंपल्यांच्या चुऱ्यात तीन अंडी होती. असिमिनानं एक अलगद पेल्यातल्या पाण्यात सोडलं. ते तळाशी आडवं पडून राहिलं, म्हणजे अगदी ताजं. तिनं बोटांवर दिवस मोजले. चोवीस जून, संत योहानाचा सण.

दुसरी काठी चिखलाच्या बेटावर सापडली, तिसरी जुन्या मिठागराच्या कडेला. प्रत्येक वेळी दहाव्या पावलाशी तीन अंडी. तिसऱ्याला झिसिसनं छातीवर क्रूस काढला, आणि मग एकाएकी गुडघाभर चिखलात नाचायलाच लागला. साठीचा माणूस, एक बूट चिखलातच राहिला. असिमिना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वीस झाली होती. कुणी मोजली, हा विचार तिनं उद्यावर टाकला.

खांबांवरच्या झोपडीत परतून त्यांनी पाव आणि माशाची खारवलेली गाबोळी काढली. झिसिसनं वहीत वीसचा आकडा घातला, दोनदा गिरवला, आणि हात धुवायला बाहेर गेला.

"पोरी, इथंही एक आहे."

काठी झोपडीच्या उत्तरेला उभी होती. सकाळी दोघं तिथूनच गेली होती.

झिसिसनं ती उपटली आणि मुठीत धरून नाव वाचलं. "स्पिरिडॉन." तो हसला. "त्याचा सण तर बारा डिसेंबरला. डिसेंबरात कुठला चिखल्या पिल्लं काढतो? तिकडं जाऊन म्हातारा प्यायला लागलेला दिसतो."

असिमिना काठीच्या भोकापासून दक्षिणेला पावलं मोजू लागली.

दहावं पाऊल पायरीवर पडलं. रोज सकाळी बूट चढवायला ती बसायची, ती पायरी.

तिथं तिच्याखेरीज काहीच नव्हतं.

झिसिसनं कानावरची पेन्सिल काढली. "काही आहे का गं? एकविसावं लिहू?"

तिचा हात आपसूक पोटावर गेला होता.

"नका लिहू, काका. एवढ्यात नको."

तिनं त्याच्या मुठीतून काठी सोडवून घेतली. वेळू अजून ओला होता. तिनं वरच्या टोकाला अंगठा लावला. खाच उलटी कललेली होती.

अंगठा खाली सरकला, आणि दुसऱ्या खाचेत अडकला.