दोघांच्या दरातली शिकार

लाइल ओस्टबीचं पहिलं पत्र आलं तेव्हा उआझुवा डिझेलच्या पिंपावर बसून गाडीची फाटकी ताडपत्री शिवत होती. फोनवर आलेली पत्रं ती दुपारी वाचत असे. हे मात्र तिने सुई तशीच टोचून ठेवून दोनदा वाचलं.

‘आम्ही दोघे भाऊ, मी आणि कार्ल. मिनेसोटात शाळेच्या बस दुरुस्त करतो. अकरा वर्षं पैसे साठवतोय. आफ्रिकेत शिकारीला एकदाच येणार, पुन्हा जमणार नाही. कमीत कमी किती लागतील ते खरं सांगा.’

‘खरं सांगा’ हे तिला आवडलं. ओमारुरू गावाच्या आसपास शिकारी नेणारे पुष्कळ होते आणि त्यांची दरपत्रकं गुळगुळीत कागदावर छापलेली असत. मोठा आकडा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. उआझुवाकडे गुळगुळीत काही नव्हतं. वडिलांनी ठेवलेली काटेरी झुडपांची जमीन, एक गाडी आणि माग काढायला गॉटलीब, ज्याला सगळे आदराने ताते म्हणत, एवढंच. तिने सविस्तर उत्तर लिहिलं. बंदूक आणू नका, माझी भाड्याने घ्या. भुसा भरलेलं मुंडकं घरी न्यायला जनावरापेक्षा जास्त खर्च येतो, नुसती कवटी आणि शिंगं न्या. सप्टेंबर नको, जूनमध्ये या. आणि दोघांत एकच वाटाड्या घेतलात तर माणशी रोजचा दर तिसऱ्या हिश्शाने उतरतो.

त्यानंतर चौदा महिने पत्रं चालली. विमान कुठे बदलायचं, जेवणात काय, भाड्याची बंदूक डावऱ्याला चालेल का. प्रत्येक पत्राखाली कार्लची एखादी ओळ असे. ‘डावरा मी आहे. बंदूक उजव्या हाताची असली तरी डाव्यानेच चालवीन. मारायला मिळालं पाहिजे!’ पैसे एकाच कुडूपुरते होते. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण, त्याचा एक करडा नर. ‘कुणी मारायचा ते आम्ही घरी ठरवू,’ असं लाइलने लिहिलं होतं.

आगाऊ रक्कम आली त्या दिवशी उआझुवाने फाटकाजवळच्या दगडांच्या राशीवर दोन दगड ठेवले. गॉटलीबच्या लोकांची ती जुनी रीत. रानात शिरणाऱ्याने राशीवर दगड ठेवायचा आणि आपलं नाव सांगायचं. पाहुणे स्वतः विसरतात, म्हणून नाव नक्की झालं की दगड आपणच ठेवायचा, असं उआझुवाच्या वडिलांनी सुरू केलं होतं. रानाला माणसाची ओळख आधीपासून असलेली बरी, असं ते म्हणत.

फेब्रुवारीत पत्र आलं. त्याखाली कार्लची ओळ नव्हती. बसखाली पडून काम करतानाच छातीत कळ येऊन तो गेला होता. ‘एकट्याचा दर मला झेपणार नाही,’ लाइलने लिहिलं होतं. ‘रद्द करा.’

‘दर दोघांचाच ठेवते,’ तिने कळवलं. ‘या.’

तिने दुसरी खाट उचलली, पीठ-साखर कमी केली, दुसऱ्या नावाचा परवाना परत केला. सगळं आठवणीने केलं. एक सोडून.

लाइल आला तो जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या कडक थंडीत. लहानखुरा, पन्नाशीचा, बोलताना टोपी हातात धरणारा. पहिल्या सकाळी गॉटलीबने त्याला कोरड्या नदीच्या वाळूतून दहा पावलं चालवलं. उद्या वाट चुकलाच, तर कोणत्या ठशांचा माग काढायचा ते ठाऊक हवं.

“हा चालतो बघ कसा, मेमे,” गॉटलीब तिच्या कानाशी म्हणाला; तिकडे बाईला मेमे म्हणतात. “वाळूची माफी मागत मागत.”

“पैसे वेळेवर देतो. तुझ्यासारखा उचल मागत नाही.”

“मी मागतो म्हणून तुला सोबत तरी आहे, नाहीतर कोण बोलतं तुझ्याशी?”

दोन दिवस चांगले गेले. कुडू दिसला नाही, पण लाइलची तक्रार नव्हती. उआझुवाला एकच गोष्ट खटकत होती. गॉटलीब माग काढताना पुढे बघणारा माणूस, आणि तो सारखा मागे वळून बघत होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, नदी ओलांडल्यावर, तो थांबला.

“मेमे, आपण किती जण?”

“ऊन लागलं का तुला? तीन.”

“वाळूत चार आहेत.”

ती मागे गेली. तिचे स्वतःचे ठसे, गॉटलीबचे टायरच्या चपलांचे, लाइलचे लहान, नेटके. आणि लाइलच्या डाव्या बाजूने, हातभर अंतर राखून, चौथे. तळाची नक्षी हुबेहूब लाइलच्या बुटांची, पण ठसा बराच मोठा आणि खोल. डावी टाच दर पावलाला वाळूत रेघ ओढत गेलेली. वारा पडला होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

लाइल मागून आला आणि तिच्या खांद्यावरून वाकला. मग तिथेच वाळूत बसला.

“बारा नंबर,” तो म्हणाला. “सेलमध्ये दोघांनी सारखेच घेतले होते. एका जोडावर दुसरा निम्म्या किमतीत... शिडीवरून पडल्यापासून कार्ल पाय ओढायचा.”

“ते बूट आता कुणाकडे आहेत?”

“मॅडम...” त्याने टोपी काढली. “त्याला आम्ही त्याच बुटांत पुरलं.”

ते मुक्कामावर परतले. लाइल खोलीत गेल्यावर गॉटलीबने विचारलं, “त्या मेलेल्याचा दगड काढलास ना?”

“दगड काढायचा असतो?”

“तू नाव सांगून बोलावलंस. तो येणार नाही हे रानाला कोण सांगणार? रान वाट बघत बसलं, मेमे. मग आला तो.”

ऊन कलायच्या आत दोघं राशीपाशी गेले. वडिलांच्या काळापासूनचे शेकडो दगड तिथे होते. आगाऊ रक्कम आली त्या दिवशीचे दोन कुठले? तिला आठवत होतं ते इतकंच, की ते शेजारीशेजारी ठेवले होते, एक काळपट, एक तांबूस. उत्तरेच्या अंगाला तशी एक जोडी सापडली.

“यातला त्याचा कोणता?”

उआझुवा बघत राहिली. तांबूस ठेवताना कुणाचं नाव घेतलं होतं? पत्र लिहिणाऱ्याचं? की थोरल्या कार्लचं?

“चुकलीस तर वाईट होईल,” गॉटलीब म्हणाला. “नक्की आठवत नसेल तर हात लावू नको.”

“आणि हात नाही लावला तर तो तसाच मागे फिरत राहू दे?”

“मी काय सांगू? ठेवलास तू.”

तिने तांबूस दगड उचलला, कार्लचं नाव घेऊन ‘हा येणार नाही’ असं तीनदा सांगितलं आणि दगड नदीच्या पात्रात लांब भिरकावला.

“नक्की हाच?”

“नक्की,” ती म्हणाली. तिला नक्की नव्हतं.

लाइलला तिने परत जायला सुचवून पाहिलं. त्याने मान हलवली. “पाच दिवसांचे पैसे भरलेत, मॅडम. अकरा वर्षांचे.”

चौथ्या दिवशी ती पुढे बघतच नव्हती. वाळू आली की मागे वळे. चौथे ठसे होतेच. आता ते हातभर नव्हे, लाइलला अगदी खेटून चालत होते. पण गॉटलीबचं बोट त्यांच्याकडे नव्हतं.

“याचे बघ,” तो हळूच म्हणाला. “काल एवढे खोल होते, बोटाचं एक पेर. आज बघ.”

लाइलचे ठसे पुसट झाले होते. जड बूट, खांद्यावर बंदूक, आणि वाळूवर नुसती नक्षी उमटलेली, जशी वाळलेल्या पानाची उमटते.

“वजन उतरलं असेल,” ती म्हणाली. “जेवत नाही धड.”

“एका रात्रीत माणूस एवढा उतरत नाही. मेमे... वाळू त्याला धरत नाहीये. तू कुणाचा दगड फेकलास?”

संध्याकाळी विजेरी घेऊन ती नदीत उतरली आणि तांबूस दगड शोधत राहिली. नदीत तांबूस दगडांना तोटा नव्हता.

पाचव्या, शेवटच्या सकाळी लाइल उठला तो हसत. रात्री छान झोप लागली म्हणाला. उआझुवाने बंदूक त्याच्या हाती द्यायला उशीर लावला, चहा पुन्हा उकळला, गाडीचं चाक उगाच तपासलं. शेवटी निघावंच लागलं.

सूर्य हातभर वर आला आणि कुडू दिसला. सव्वाशे पावलांवर, काटेरी झुडपात, आडवा उभा. शिंगांचे अडीच पीळ. इतका चांगला नर तिने चार वर्षांत पाहिला नव्हता. गॉटलीबने तीन काठ्यांचं तिकाटणं रोवलं, लाइलने बंदूक त्यावर टेकवली. आता फक्त वाटाड्याचा, म्हणजे तिचा, शब्द उरला होता. वाटाड्याने ‘मार’ म्हटल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, आणि आपला प्रत्येक माणूस कुठे उभा आहे ते दिसल्याशिवाय वाटाड्याने तो शब्द काढायचा नाही. वडिलांनी शिकवलेला हा पहिला नियम.

तिने खाली पाहिलं. मोठे ठसे लाइलच्या पावलांपर्यंत आले होते. तिथून पुढे ते नव्हते, आणि मागेही वळले नव्हते.

“थांबा...” ती कुजबुजली.

“मॅडम, तुम्हाला एक सांगायचं राहिलं,” लाइल डोळा न हलवता म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. “आम्ही घरी नाणं उडवलं होतं. कुडू कुणाचा यासाठी. तो जिंकला होता.”

“लाइल, बंदूक खाली ठेवा.”

“त्याचाच आहे हो हा. मी आपला... त्याच्या जागेवर उभा आहे.” त्याने बंदुकीवरचा उजवा हात सैल केला. “कार्ल... घे. मार तू.”

त्याने खांदा बदलला. इतक्या सहज, की तिला ते क्षणभर कळलंच नाही. बंदूक डाव्या खांद्याला लागली, डावा डोळा दुर्बिणीशी गेला, डाव्या हाताचं बोट वळलं. तिने शब्द दिला नव्हता. बार झाला. कुडू जागच्या जागी बसला आणि कलंडला.

“बघितलंत का!” तो ओरडला. चार दिवसांत त्याने आवाज चढवला नव्हता. “एका गोळीत! डाव्या हातानेच! काय बाईसाहेब, म्हटलं नव्हतं?”

तो कुडूकडे निघाला, मोठाल्या ढांगा टाकत. डावी टाच रेघ ओढत होती. गॉटलीब त्या ठशांकडे बघत उभा होता. पायांत बूट लाइलचेच होते, नऊ नंबरचे. वाळूत उमटत होता बारा नंबर.

लाइलचे लहान ठसे तिकाटण्यापाशी संपले होते.

त्या दिवशी तो दोघांचं जेवला. दुसऱ्या दिवशी विंडहूकच्या विमानतळाकडे जाताना चार तास पुढच्या सीटवर बसून त्याने विनोद सांगितले, आणि त्यातले काही खरोखर चांगले होते, म्हणून तिला जास्त भीती वाटली. विमानतळावर त्याने हात पुढे केला. डावा. कवटी साफ झाली की पाठवा म्हणाला. टोपी गाडीतच राहिली, ती मागायला तो परत आला नाही.

ती घरी परतली तेव्हा गॉटलीब फाटकात उभा होता.

“चल,” तो म्हणाला.

तिकाटणं रोवलं होतं त्या जागेपासून फाटकापर्यंत ठशांची एक ओळ आली होती. लहान, नेटकी, इतकी पुसट की तिरप्या उन्हातच दिसावी. फाटकाशी, गाडी जिथे वळते तिथे, ती थांबली होती. वाळूवर जागच्या जागी पावलं बदलल्याच्या खुणा होत्या. कुणीतरी बराच वेळ ताटकळलं होतं.

“गाडी गेलेली बघितली असेल त्याने,” गॉटलीब म्हणाला.

दुसऱ्या सकाळी ओळ पुन्हा आली. तिसऱ्याही. उआझुवाने नदीत तीन दिवस घालवले, तांबूस दगड टोपलीभर आणून एकेक राशीवर ठेवला आणि प्रत्येकाला लाइलचं नाव सांगितलं. ठसे खोल झाले नाहीत. आलेल्या पत्रांना ती उत्तरं देईनाशी झाली. नव्या पाहुण्यांना तिने ‘यंदा जागा नाही’ असं कळवलं.

आठव्या दिवशी तिने गाडी काढली. फाटकाशी थांबवली, उतरली आणि मागचं दार उघडून धरलं.

“चला, लाइल,” ती म्हणाली. “सोडते तुम्हाला.”

गॉटलीबने तोंड फिरवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मागच्या सीटची स्प्रिंग करकरली, एकदाच, हलकेच, जसा माणूस परक्याच्या गाडीत सांभाळून टेकतो. तिने दार लावलं.

चार तास तिने आरशात पाहिलं नाही. विमानतळावर, जिथे पाहुणे उतरतात तिथे, तिने मागचं दार पुन्हा उघडलं. एक पोलीस येऊन विचारून गेला, “कुणाची वाट बघताय, मेमे?” ती नुसतीच हसली. लोक सामान ओढत जात होते, विमानं उठत होती. ती सांज होईपर्यंत दार धरून उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली, सीट मोकळी झाल्याचा आवाज कधी येतो ते.

तो आवाज आलाच नाही. शेवटी तिने दार लावलं आणि गाडी घराकडे वळवली. पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली, तेव्हा मागून कुणीतरी अगदी हळू आवाजात, टोपी हातात धरून बोलावं तसं, म्हणालं, “मॅडम... माझं परतीचं तिकीट काढलेलं आहे.”