लोखंड सुटलं तेव्हा

प्रयोगशाळेत धोक्याची घंटा वाजली. सगळे रिकाम्या हातांनी अंगणात आले आणि मी माझ्या प्रयोगाचा काचेचा सेल छातीशी धरून…

"लोक अशा वेळी दागिने वाचवतात," शेजारचा उंच तरुण पुटपुटला.

"हा त्याहून मोलाचा आहे."

"असं? काय आहे आत?"

"लोखंड."

तो इतका मोकळा हसला, की मलाही हसू आलं. घंटा नुसती सरावाची निघाली.

तो तळमजल्यावरचा नवा एक्स-रेवाला. पदार्थात अणू कुठे, कसे बसलेत ते पाहणं हे त्याचं काम. माझं काम वेगळं. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटात ऑक्सिजनची प्रक्रिया घडवायला महागडं प्लॅटिनम लागतं. त्याऐवजी मी एक रेणू बनवला होता, मधोमध लोखंडाचा एकच अणू असलेला. असे रेणू सुरुवातीला झकास चालतात आणि लवकरच मोडतात. माझा मात्र चालतच राहिला!

आनंदाने मी आईला फोन केला. "आमचा रेणू टिकला गं!"

"अगं बाई, रेणू आजारी होती? मला बोलली नाहीस!"

हे एक्स-रेवाल्याला सांगितलं तर हसता हसता त्याचा चहा सांडला. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. नमुना द्यायला मी रोज खाली जाऊ लागले… खरं तर रोज जायची गरज नव्हती.

सगळ्या विभागापुढे निकाल मांडायचा होता, त्याच्या आदल्या दुपारी त्याने मला जिन्यात थांबवलं.

"एक सांगू? रागावशील."

"मग नको सांगूस."

"तुझा रेणू मोडलाय. लोखंड सुटून त्याचे बारीक कण झालेत. चाललंय ते त्या कणांमुळे."

"हे उद्याचं झाल्यावर सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग?"

"मग तुझ्याकडे बघता आलं नसतं."

मी तशीच वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि स्वतःच सांगितलं— माझा रेणू टिकलेला नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कुठे मोडतो ते शोध."

ते शोधायला मी पुन्हा तळमजल्यावर गेले. त्याने खुर्ची पुढे सरकवली. लोखंडाला धरून ठेवणारं कडं काठाशी तुटत होतं. मी त्या काठाला आडोसा देणारे अणूंचे गट जोडले, ते बिघडले, पुन्हा जोडले. हिवाळा सरला. नवा रेणू जरा संथ होता, पण चालत होता. आता आत काय झालंय, एवढंच पाहायचं होतं.

तो संगणकाच्या पडद्यासमोरून उठेचना.

"बोल ना!"

"लोखंड जागेवर आहे."

"नक्की?"

"सकाळपासून कितीदा पाहिलं…"

"सकाळपासून? आणि मला आत्ता सांगतोस?"

त्याने मान खाली घातली. कान लाल झाले होते. "सांगितलं की तुझं इथलं काम संपणार. मग तू खाली कशाला येशील…"

मी खुर्ची ओढली, त्याच्या अगदी जवळ बसले.

"काम संपू दे की," मी म्हटलं. "मी कामासाठी कधी येत होते, वेड्या?"