दक्षिणेचा चौथा कॅमेरा

ज्याच्याबाबतीत हे घडलं तो सुधीश आजही शारजात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याच्या मोबाइलवरचं ते चित्रण मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन दिवस घास गेला नव्हता.

घटना मागच्या मार्चमधली. मंगळवार. केरळात ओट्टप्पालमजवळच्या त्याच्या घरातली.

त्याच्या वर्षभर आधी सुधीशचे वडील गेले. त्याला विमानाचं तिकीट मिळालं नाही. तिकडच्या रिवाजाप्रमाणे घराच्याच आवारात, दक्षिणेला, चिता रचली. सुधीशनं ती मोबाइलवर पाहिली. मधेच चित्र अडकलं... आणि पेटती चिता तशीच पडद्यावर थिजून राहिली.

त्या जागी नारळाचं रोप लावलं. सुधीशची आई, माधवी अम्मा, रोज तिन्हीसांजेला तिथे दिवा ठेवू लागली.

घरात आता ती एकटीच. एकदा दिवसभर तिनं सुधीशचा फोन उचलला नाही. त्यानं दूरवरून बघता येणारे कॅमेरे लावायचं ठरवलं. बोलता येणारे, माणूस दिसला की मोबाइलवर कळवणारे.

दुकानदार म्हणाला, "चार बाजूंना चार घ्या, साहेब."

"तीन पुरे. दक्षिणेला नको."

अम्माला ते पटलं नाही. "अरे मोने, बाळा, रोज तिकडेच तर जाते मी! विहिरीवर कॅमेरा लावतोस, विहीर काय पळून जाणारे?"

"अम्मा, तिकडे नको म्हटलं ना."

"बरं बाबा. तू मोठा साहेब."

ती जागा पुन्हा मोबाइलवर बघायची त्याची छाती नव्हती. पण आईला हे सांगणार कसं?

मग रोजचं ठरून गेलं. तिकडे सहा चाळीस, शारजात पाच दहा. टिंग... 'एक व्यक्ती.' अम्मा दिवा घेऊन अंगणातून जायची, दक्षिणेच्या कोपऱ्यावर दिसेनाशी व्हायची. पडद्यावर तिच्याभोवती हिरवी चौकट असायची. दहा मिनिटांनी परत यायची. टिंग... 'एक व्यक्ती.' सुधीशचा जीव भांड्यात पडायचा.

फेब्रुवारीत एके दिवशी परतताना आलं...

'दोन व्यक्ती.'

अंगणात अम्मा एकटीच होती. शेजारी दुसरी हिरवी चौकट. तिच्यात कुणीच नव्हतं.

त्यानं फोन लावला. "अम्मा, कुणी आलंय का?"

"कोण येणारे माझ्याकडे? तू येतोस का?" ती हसली.

दुकानदार म्हणाला, सावलीनं होतं असं. सुधीशनं स्वतःची समजूत घातली.

मग तो मंगळवार उजाडला.

टिंग... 'एक व्यक्ती.' अम्मा दिवा घेऊन गेली.

दहा मिनिटं झाली.

वीस.

अंधारू लागलं. अंगण रिकामंच.

त्यानं फोन लावला. ओसरीच्या कठड्यावर एक उजेड लुकलुकला. अम्माचा फोन तिथेच पडला होता. तो वाजताना सुधीशला दिसत होता... उचलायला कुणी नव्हतं.

शेजारच्या वासूएट्टनला, म्हणजे वासूदादाला, सात वेळा फोन केला. त्या दिवशी देवीचा उत्सव होता, अख्खं गाव देवळात. चेंडा ढोलांच्या दणदणाटात कुणाला काय ऐकू येणार?

शेवटी त्यानं बोलायचं बटण दाबलं. "अम्मा! अम्मा, ऐकतेयस का?"

त्याचाच आवाज रिकाम्या अंगणात घुमून परत आला. कोपऱ्यापलीकडे, अवघ्या पंचवीस पावलांवर, काय चाललं होतं ते त्याला दिसत नव्हतं. तिथला कॅमेरा त्यानंच नको म्हटला होता.

आणि मग... टिंग.

'दोन व्यक्ती.'

दक्षिणेच्या कोपऱ्यातून दोन चौकटी आल्या. एक बुटकी, एक उंच. आत कुणी नाही. उंच चौकट पायरीशी थबकली... मग सावकाश वर चढली. सुधीशच्या वडिलांचा डावा पाय अधू होता. पायरीशी ते असेच थबकायचे.

दोन्ही चौकटी दाराशी थांबल्या.

तिकडच्या साडेसातला वासूएट्टनचा फोन आला. तो धावत गेला. अम्मा नारळाच्या रोपाशी पडली होती. बाजूला दिवा अजून जळत होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन तासभर तरी झाला असेल.

या वेळी तिकीट मिळालं. सुधीशनं स्वतः अग्नी दिला, दुसरं रोप लावलं, घराला कुलूप घातलं. आणि दक्षिणेला चौथा कॅमेरा बसवला.

"आता रे कशाला?" वासूएट्टननं विचारलं. सुधीश तारा जोडत राहिला.

शारजाला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, पाच दहाला... टिंग.

चौथ्या कॅमेऱ्यात नुसती दोन रोपं. अंगणातल्या कॅमेऱ्यात, कुलूपबंद दारासमोर, दोन चौकटी.

दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग मिटल्या.

रोज तेच. सुधीशला ते बघवेना. त्यानं वासूएट्टनची मनधरणी केली. "फक्त दार उघडा हो, एट्टा. संध्याकाळी, थोडा वेळ."

वासूएट्टन गेला. त्यानं कुलपात किल्ली घातली...

'तीन व्यक्ती.'

त्याच्या दोन्ही बाजूंना चौकटी उभ्या होत्या. अगदी खेटून. वासूएट्टन मागे वळून न बघता पळत सुटला. नंतर फोनवर एवढंच म्हणाला, "कानाशी कुणीतरी श्वास सोडला रे मोने. परत मला सांगू नकोस."

किल्ली तशीच कुलपात राहिली. कॅमेऱ्यात अजून दिसते. फिरवायला मात्र कुणी जात नाही.

सुधीशनं एकदा बोलायचं बटण दाबलं. "अम्मा... मी आहे."

चौकटी दारापासून हलल्या. कॅमेऱ्याकडे आल्या. मोठ्या होत होत्या... पडदाभर झाल्या. मग काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी.

त्याची सुट्टी पुढच्या जूनमध्ये आहे. त्याआधी मालक सोडत नाही.

परवा मला राहवलं नाही. "अरे, काढून टाक ना ते मोबाइलमधून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "आणि त्या दोघांना बाहेर एकटं ठेवू?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच दहा झाले होते.

टिंग वाजलं. मी पडद्याकडे न बघता उठून बाहेर आलो.